श्रावणातली अंडी

माय, श्रावण लागला आणि आपल्या फुलंब्रीत अंड्याला कुणी हात लावेना. कोंबड्यांना कुठला श्रावण कळायला. त्या आपल्या रोज इमानेइतबारे अंडी घालतात. तू गेलीस तेव्हा अंगणात तुझ्या पाच-सात गावरान होत्या. आता मागच्या वावरात माझी पत्र्याची शेड आहे, पांढऱ्या कोंबड्यांनी भरलेली. उन्हाळा ओली गोणपाटं टांगून, पाण्यात गूळ घालून कसाबसा काढला, आणि वर हा महिना. अंड्यांचे ट्रे पार स्वयंपाकघरात आले. खाद्य तर थांबवता येत नाही. व्यापारी रोज फोन करायचा, "ताई, कोन खातंय आता अंडी? पक्षीच देऊन टाका की." गेल्या वर्षी मी घाबरून दिले होते, पडेल त्या भावात. मग थंडीत अंड्याला भाव चढला आणि माझी शेड रिकामी. यंदाही दिले असते, तर पुन्हा नव्यानं उभं राहायची हिंमत माझ्यात उरली नसती.

अशात तू आठवलीस. मी लहान आहे. श्रावणात तू अंडं घरात येऊ देत नाहीस, पण परसातली अंडी पदराखाली झाकून शेजारच्या बाळंतिणीकडं निघाली आहेस. मी म्हणते, "माय, पाप लागंल." तू डाफरतेस, "श्रावण माझा हाय. तिनं कामून पाळावा? लेकराला दूध नगं का?"

मग मी ट्रे स्कूटीवर बांधले आणि संभाजीनगरला पुंडलिकनगर गाठलं. तिथं परीक्षांची तयारी करणारी पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांना कसला आलाय श्रावण. एका खानावळवाल्या बाईनं अंडी निरखून पाहिली. तिला आधी कुणीतरी नासकी दिली होती. तिनं त्यातलं एक उकडलं, सोललं, मीठ लावून माझ्यापुढं ठेवलं. "पहिलं तुमी खा, मंग घेते."

आता ती रोज माल घेते. शेजारच्या जिमवाल्यालाही तिनंच सांगितलं. व्यापाऱ्याला मी सरळ नाही म्हणाले. सकाळी शेडमध्ये असा कलकलाट असतो, की ऐकून मला फार बरं वाटतं.

हे पत्र तुला पाठवणार कुठं? आणि सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. तुझ्या धाकात वाढलेली मी, आजवर एकही श्रावण मोडला नव्हता. त्या दिवशी सोमवार होता, माय. मी ते अख्खं अंडं खाल्लं, आणि मला ते गोड लागलं.