पंप खुणेवर होता

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले आणि उत्तर आज लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफ कर. मी कामात होते, बाबांना खोकला होता. दोन्ही कारणं खरी आहेत, पण दोन्ही मिळून सहा आठवडे भरत नाहीत. हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन लिहून झाली होती, अक्षरही चांगलं आलं होतं. फाडली.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला. कान आणखी मंद झालेत, पण हवं ते बरोबर ऐकू येतं. आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नवे साहेब आलेत. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर त्यांना दोन सह्या लागतात, त्यामुळे मी हल्ली घरी बरणीवर चिठ्ठी लावली तरी पेन पुन्हा उचलते. वहिनीच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तू पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी न्यायला येणार हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "येऊ दे," म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, "येऊ दे की." गाडी तुझी लेक चालवणार हे मात्र मी लगेच सांगितलं नाही. ते आधी मलाच पचायला हवं होतं.

तू एकच गोष्ट विचारलीस : तेल कोणतं घेऊ, आणि पंपावर भरवसा ठेवू की पेट्रोलमध्येच मिसळू? पंचवीस वर्षांत तू गाडीबद्दल लिहिलेलं हे पहिलं वाक्य. तर आधी तेल. तुझ्या लेकीला वाचता यावं म्हणून तुला ठाऊक आहे तेही लिहिते.

आपल्या मोटरसायकलला तेलाची टाकी वेगळी, उजव्या झाकणाखाली. पेट्रोलच्या टाकीत नुसतं पेट्रोल. इंजिनाला जोडलेला एक लहानसा पंप तेल ओढतो आणि एक्सलेटर जितका पिळाल तितकं जास्त देतो; ते पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून जास्त झालं की धूर, कमी पडलं की पिस्टन जाम. म्हणजे तेल नुसतं चांगलं असून भागत नाही, ते थंडीतसुद्धा त्या बारीक नळीतून वाहिलं पाहिजे. मी चार प्रकार आणले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बरण्या मांडल्या. प्रत्येकात अर्धं नवं तेल आणि अर्धं आपल्या टाकीतून काढलेलं जुनं. तीन दिवस हलवायचं नाही. बाबा रोज सकाळी चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "लोणचं मुरलं का?"

एरंडेलाचं, शर्यतीच्या गाड्यांचं तेल तू कॉलेजात असताना वासासाठी आणायचास ना, ते नको. तिसऱ्या दिवशी बरणीत दोन थर वेगळे दिसत होते, आणि पहाटेच्या गारठ्यात ते काकवीसारखं झालं होतं. पंप ते ओढणार नाही. बोटीच्या इंजिनाचं तेलही नको. ती इंजिनं पाण्याने थंड होतात, आपलं वाऱ्यावर, म्हणजे बरंच जास्त तापतं. गवत कापायच्या यंत्राचं तेल पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठीच केलेलं होतं, डब्यावर वेगळ्या टाकीचा उल्लेखच नाही. उरलं चौथं : अर्धं सिंथेटिक, कमी धुराचं, डब्यावर "वेगळ्या तेलटाकीसाठी" असं स्पष्ट छापलेलं आणि खाली एफडी ही दर्जाची अक्षरं. जुन्यात मिसळूनही ते एकजीव राहिलं. तरी मी टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून धुतल्यात. पंचवीस वर्षांचं तेल कशाला ठेवायचं?

दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं काय बघताय? म्हातारी गाडी आहे, काहीही पाजा."

"म्हाताऱ्यांनाच पथ्य असतं," मी म्हटलं.

"माझ्या सासऱ्यांना सांगा," तो म्हणाला आणि डबा बांधून दिला.

डबा शेडमध्ये ठेवलाय. तू आणू नकोस.

माझं पहिलं पत्र इथे संपलं होतं. तेलाचं उत्तर झालं, पंपाबद्दल एक ओळ : पंप उत्तम आहे, खुशाल भरवसा ठेव. ती ओळ खोटी नाही. पंप तेव्हाही उत्तम होता.

दादा, तुला धूर आठवतो? तू घर सोडून हॉस्टेलवर गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी पंप खोलून साफ केला, नवे वायसर घालून बसवला. त्यानंतर गाडी धूर ओकायला लागली. शेड शिंपीकाकांच्या मागच्या दारासमोर. शाळेच्या पांढऱ्या गणवेशांचे गठ्ठे त्या दारात. बाबा गाडी चालू करायचे आणि काका कात्री हातात घेऊन बाहेर यायचे. "ताई, तुमची गाडी निघाली की गिरणी सुटली? माझी पांढरी चड्डी राखाडी झाली तर हेडमास्तर मला उभं करतील!" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. पंप मी बसवलेला, म्हणजे धूर माझा. मला लाज वाटायची.

म्हणून मी तेल कमी केलं. पंपाच्या केबलवर जो नट आहे तो सैल केला की पंपाचा दांडा कंपनीने कोरलेल्या खुणेच्या मागे राहतो आणि तेल कमी पडतं. माझ्या डायरीत सगळं आहे, परवाच काढून पाहिलं. "२ मार्च. नट अर्धा फेरा. धुरात फारसा फरक नाही." "२० मार्च. आणखी अर्धा. काकांचं मत : आता आगगाडी नाही, आगबोट." "११ एप्रिल. आणखी एक पूर्ण फेरा. धूर बराच कमी. तपासत राहणे." तपासत राहणे! मी ते शब्द लिहिले आणि दोन वर्षं झाकण उघडलं नाही. गाडी मस्त चालत होती.

ती का चालत होती हे मला मागच्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

बरण्या धूत होते. बाबा खुर्चीत बसून तुझं पत्र स्वतः वाचत होते. वाचता वाचता म्हणाले, "पेट्रोलमध्ये मिसळू का विचारतोय? मी तर टाकायचोच."

"काय टाकायचात?"

"तेल. टाकी भरली की एक कप. तो कान तुटलेला."

तो कप अजून शेडमध्ये फळीवर आहे. मला वाटायचं, त्यात ते नट भिजवतात.

"अहो, पण पंप होता ना!" मी ओरडलेच.

"पंप तू बसवलेलास ना?" बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "म्हणून टाकायचो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मी हात पुसून त्यांच्यासमोर बसले आणि नटाचं सांगितलं. तीन तारखा वाचून दाखवल्या. एकही शब्द दोनदा सांगावा लागला नाही. त्यांनी तुझं पत्र घडी घालून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी ओतत होतो आणि तू बंद करत होतीस."

हो. ते ओतायचे म्हणून धूर व्हायचा, धूर व्हायचा म्हणून मी पंपाचं तेल कमी करत गेले, आणि पंप जवळजवळ कोरडा असूनही गाडी त्यांच्या कपावर चालत राहिली. मग तू सुट्टीला आलास. बाबा तापाने पडलेले. तू गाडी काढलीस, टाकी रिकामी होती, पेट्रोल पंपावर जाऊन ती भरलीस. टाकीच्या झाकणावर कंपनीची पट्टी आहे, "फक्त पेट्रोल". तू पट्टी वाचलीस आणि तसंच केलंस. सव्वीस किलोमीटरवर पिस्टन जाम झाला, मागचं चाक अडकलं आणि तू डांबरावर पडलास.

आम्हा तिघांत पुस्तकाप्रमाणे वागलेला तू एकटा होतास.

दुसरं पत्र इथवर येऊन थांबलं होतं. वाचलं तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच शंका आली. त्यात मी चुकलेली होते, बाबा चुकले होते, दोघंही अजाणता. वाचणारा म्हणाला असता, जाऊ दे, कोणाचाच दोष नाही. पण त्या दिवशी दुपारी काय झालं ते त्यात नव्हतं. ते डायरीतही नाही. डायरीत त्या तारखेला एवढंच : "दादाचं गळपट्टीचं हाड. सहा आठवडे हात बांधून. गाडी टेम्पोतून आली."

तुम्ही सगळे दवाखान्यात होता. टेम्पोवाल्याने गाडी शेडमध्ये लावली आणि तो गेला. मी पंपाचं झाकण उघडलं. दांडा खुणेच्या कितीतरी मागे होता. आधी पाहायलाच बसले होते, खरंच. मग दहाचा पाना घेतला आणि नट दोन फेरे आवळून दांडा खुणेवर आणला. झाकण लावलं, बोटं रॉकेलने पुसली. चार मिनिटं लागली असतील.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. सिलिंडर काढून म्हणाले, "तेल पोचलेलं नाही." तू गळ्यात झोळी घालून दारात उभा होतास. म्हणालास, "पंप बघा." त्यांनी पाहिलं. मी म्हटलं, "पंप खुणेवर आहे."

मग बाबा तुला बोलले. "ताणलीस. तुझ्या हातात यंत्र टिकत नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तू पंप साफ करणारीकडे पाहत होतास, की ती काही सांगेल. मी पान्यांची पेटी आवरायला घेतली.

मिस्त्रींनी पिस्टन नवा बसवला, पण गाडी पुन्हा कोणी बाहेर काढली नाही. दोन महिन्यांनी तू लांबची नोकरी धरलीस. तेव्हापासून येतोस, बाहेरच्या खोलीत बसतोस, चहा घेतोस, शेडकडे पाठ करून. कपाटावरची बॅग काढायची तर डाव्या हाताने काढतोस. मी ते दरवेळी पाहिलंय.

कारण शोधत बसले तर सापडतं. बाबांच्या घरात यंत्राची अक्कल मलाच आहे असं सगळे म्हणायचे, तूसुद्धा, आणि ते एवढंच माझ्याजवळ होतं. पण हे कारण पंचवीस वर्षांना पुरत नाही. पहिल्या आठवड्याला पुरलं असतं. पुढे मी फक्त सोय पाहिली. आणि तुझी लेक त्या गाडीवर बसणार नसती, तर आजही लिहिलं असतं का? मी प्रामाणिकपणे विचार केला. नक्की सांगता येत नाही. हे वाचायला कडू आहे, पण निदान ते नीट मोजून दिलंय.

पाना फिरवल्याचं बाबांना आज सकाळी सांगितलं. दुपारी ते शेडमध्ये गेले, कप घेऊन आले आणि माझ्या कागदापाशी ठेवला. म्हणाले, "लिही, पोरगं बरोबर होतं. आणि माझं मी तो आल्यावर सांगीन, ते तू लिहू नकोस." तेव्हा त्यांचं मी लिहीत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं दुसरं उत्तर. पंपावर भरवसा ठेवायचा, पण माझ्या शब्दावर नाही. नळ्या रिकाम्या केल्यामुळे आत हवा आहे, ती काढावी लागेल. तेलाच्या पारदर्शक नळीतले बुडबुडे थांबलेले तू स्वतः बघ. पहिल्या टाकीपुरता पेट्रोलमध्येही एक कप घालायचा, जाणकार तसंच करतात, आणि टाकीवर चिठ्ठी लावायची की घातलाय. दुसऱ्या टाकीपासून नुसतं पेट्रोल. नट मी पूर्ण सैल करून ठेवलाय आणि झाकण उघडं. दहाचा पाना शेजारी आहे. दांडा खुणेवर तू आण, तुझ्या लेकीला दाखवून. मी हात लावणार नाही. तुला हवं तर शेडमध्येही येणार नाही.

हे वाचून यायचं नाही असं वाटलं, तर गाडी टेम्पोने पाठवते. त्यात माझी भीड धरू नकोस.

शिंपीकाका अजून गिऱ्हाइकांना शेड दाखवून सांगतात, "मोठ्या पोराने मारली ती गाडी. चांगली होती हो." पंचवीस वर्षं मी जिन्यावरून हे ऐकत वर जाते.

डायरीच्या पानाखाली दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आज पान हेच.

तुझी,
पंप बसवणारी धाकटी

उद्या : काकांचं दुकान उघडताच खाली जाणे, आणि गिऱ्हाईक असलं तरी सांगणे.