आत उघडणारं गेट

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.१०

यंदाचा संकल्प एकच. धंदा वाढवणे.

सातपूरच्या गाळ्यातून अंबडच्या शेडमध्ये आलो. खिडक्यांच्या ग्रिल करणारा माणूस आज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतोय. सगळं एकट्याच्या डोक्यावर. सुवर्णा म्हणाली, एकट्याच्या कसं? वाळूभाऊंचं काय? बायकोला धंद्यातलं कळत नाही. ती फक्त गिऱ्हाइकांचे फोन घेते, कोटेशन पाठवते, माल मागवते आणि जीएसटी भरते.

वाळू माझा वेल्डर. अकरा वर्षं झाली. काम बरं करतो, पण माणूस उर्मट. मी बोलायला लागलो की चेहऱ्यावर वेल्डिंगची काच ओढून घेतो. मशीन बंद असलं तरी.

८ जानेवारी, बुधवार

मोठी ऑर्डर. दिंडोरी रोडला एक वायनरी आहे, तिचं मेन गेट. अठरा फूट. २६ जानेवारीला पाहुणे येणार, त्याआधी बसवायचं. तिथल्या मॅनेजर प्रतिभा मॅडम. त्यांनी विचारलं, एवढं मोठं गेट आधी केलंय का? हा प्रश्न मला. म्हटलं, किती केली ते मोजलेलं नाही. खोटं नाही बोललो. मोजायची वेळ कधी आली नाही.

माप स्वतः घेतलं. वाळूने काय केलं, तर पाण्याची भरलेली बाटली आतल्या रस्त्यावर आडवी ठेवली. ती घरंगळत आमच्या पायाशी आली. तो बघत बसला. मी म्हटलं, आपण खेळायला आलेलो नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ड्रॉइंग तयार. दोन पल्ले, मधोमध द्राक्षाचा घड. गेट उघडलं की घड दुभंगणार, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. अशी कल्पना अख्ख्या नाशिकमध्ये कुणाला सुचली नसेल.

वाळू बघून म्हणाला, "शेठ, रस्ता आत चढत जातोय. पल्ला आत उघडला का जमिनीला टेकंल. बाहेर उघडायचं तर डांबरी रोड हाय. स्लायडिंग करू, भिंतीच्या कडंनं सरकवू."

मी विचारलं, मग घड कसा दुभंगणार?

"घड नाय दुभंगला तरी चालंल. गेट उघडलं पायजे."

सुवर्णा हसली. माझ्याच ऑफिसात, माझ्याच खुर्चीत बसून. हे लक्षात ठेवायचं.

११ जानेवारी, शनिवार

आज वाळूला स्पष्ट सांगून टाकलं. लोखंड घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यासमोर. म्हटलं, तू वेल्डर आहेस. डोकं लावायचं काम माझं. तुझ्यासारखे छप्पन मिळतात.

वाळूने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. हात धुतले. डबा घेतला. सुवर्णाला म्हणाला, "येतो ताई." मला काही नाही. अकरा वर्षांची हीच किंमत.

दोन दिवसांत येईल. जाणार कुठे?

१५ जानेवारी, बुधवार

आला नाही. काल सुवर्णा तिळगूळ घेऊन त्याच्या घरी गेली. माझ्या स्कूटरवर. बातमी आणली की त्याने म्हसरूळला पत्र्याच्या आडोशात जुनं मशीन लावलंय. मला म्हणाली, जाऊन माफी मागा. मालकाने कामगाराची माफी मागायची. म्हटलं, तुला त्याचा एवढा पुळका असेल तर जा तिकडेच कामाला.

तेव्हापासून ती बोलत नाही. घरात शांतता आहे. विचार करायला बरं पडतं. मला तिळगूळ मिळाला नाही. मी मागितलाही नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

कुंदन नावाचा माणूस ठेवला. तीन सर्टिफिकेटं, तिन्ही लॅमिनेट केलेली. वाळूकडे एकही नव्हतं. फरक आत्ताच जाणवतोय.

१८ जानेवारी, शनिवार

पल्ला उभा केला. बिजागरी निघून माझ्या हातात आली. पल्ला माझ्या पायावर पडता पडता राहिला. कुंदनला मोजक्या शब्दांत विचारलं, हे वेल्डिंग आहे की थुंकी? तो म्हणाला, मी मुळात सुपरवायझर लाइनचा माणूस आहे. सर्टिफिकेटं घेऊन गेला. जाताना माझा मापाचा टेपही नेला.

आता स्वतःच करणार. मालकाला सगळं यायला हवं.

२० जानेवारी, सोमवार. पहाटे

काल दिवसभर वेल्डिंग केलं. डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतंय. म्हणजे रेती. त्या माणसाचं नावही नको.

सुवर्णाने बटाट्याच्या चकत्या आणून डोळ्यांवर ठेवल्या. पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "काच कुठे होती?"

काच डोक्यावर होती. टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारताना काचेतून नीट दिसत नाही. अनुभवी लोक असंच करतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

गेट उभं राहिलं. हायड्रा क्रेन लावून चढवलं. बंद गेट इतकं देखणं दिसतं की मॅडम दोन पावलं मागे जाऊन बघायला लागल्या. फोटो काढले, सगळ्या ग्रुपवर टाकले. वाळूलाही पाठवला. बघ म्हणावं.

रंग ओला होता म्हणून उघडलं नाही. उद्या.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी १२.३०

रस्ता चुकीचा आहे.

पल्ले थोडे आत जातात आणि जमिनीला टेकतात. मधल्या फटीतून एक माणूस अंग चोरून जाऊ शकतो. मॅडम गेल्या. ट्रॅक्टर गेला नाही. द्राक्षांचे सहा ट्रॅक्टर बाहेर रांगेत उभे, सगळ्यांचे हॉर्न चालू. एक शेतकरी सीटवरूनच म्हणाला, "भाऊ, गेट बसवलं का भिंत घातली?" असल्या लोकांना डिझाइन काय कळणार.

मी मॅडमना सुचवलं, आतला रस्ता दोन फूट खणून घ्या. मॅडमनी सरळ आमच्या ऑफिसला फोन लावला. सुवर्णा मग मला फोनवर म्हणाली, "वाळूभाऊंना मी फोन करणार नाही. तुम्ही स्वतः जा."

संध्याकाळी ७.४५

म्हसरूळला गेलो. वाळू कुणाचा तरी पाळणा सांधत होता. काच वर केली नाही. मी उन्हात उभा. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. थोडक्यातच बोललो.

त्याने मशीन बंद केलं. "ग्राइंडर हाय का गाडीत?" एवढंच विचारलं.

वायनरीवर येऊन त्याने बिजागऱ्या कापल्या. दोन्ही पल्ले एकमेकांना जोडून एक केला, खाली चाकं लावली, भिंतीच्या कडेने अँगलचा रूळ टाकला. मी अँगल धरून होतो. दोनदा ओरडला, "शेठ, हलू नका." माझ्यावर आजवर कुणी ओरडलेलं नाही. मी हललो नाही.

घड आता दुभंगत नाही.

२६ जानेवारी, रविवार

मॅडमनी एका हाताने गेट सरकवलं. पाहुणे आत गेले, ट्रॅक्टरही गेले. मी म्हटलं, आमच्या टीमचं काम. मॅडमनी मान हलवली आणि वाळूकडे गेल्या. पिंपांसाठी नवी शेड बांधायची आहे, साठ फुटांची. कधी बघायला याल, असं त्याला विचारलं.

तो म्हणाला, "परवा येतो."

मॅडमनी त्याचं कार्ड मागितलं. त्याच्याकडे कार्ड नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मॅडमनीही पाहिलं. मी माझं कार्ड काढलं, उलटं केलं आणि त्यावर त्याचं नाव आणि नंबर लिहून दिला.

मॅडमनी वाचून पाहिलं. अक्षर चांगलं आहे म्हणाल्या.