लाइन क्लिअरचा धडा

६ जानेवारी, सोमवार
आयटीआयचे प्रिन्सिपल प्रभाकर सर म्हणाले, पोरं तुमच्यावर खूश आहेत, पण सिलॅबस मागे पडलाय. सोळाला प्रॅक्टिकल. 'लाइन क्लिअर'चा धडा राहिलाय. म्हणजे खालच्या माणसाने 'करंट नाही, चढ' असं पोलावर चढणाऱ्याला कधी सांगायचं, ते. सोपा धडा. ठरलं. आधी धडा, मग माझे अनुभव. तेही फक्त पाच मिनिटं.

७ जानेवारी
मोबाइलवर टायमर लावलेला. वाजला तेव्हा मी गोष्टीत टेंभी नाक्यावर होतो, ऐन नवरात्रात, लाइट गेलेली. अर्ध्यावर कसं सोडणार? टायमर बंद केला. छत्तीस वर्षं विजेच्या लाइनवर काढलीत, हे पुस्तकात थोडंच आहे. पहिल्या बाकावरची दक्षता सगळं लिहून घेते. गुणी पोरगी.

९ जानेवारी
तिची वही सहज चाळली. माझं काहीच नाही. मी बोलतो तेव्हा ती पुस्तकातून लाइन क्लिअरचा धडा उतरवते. म्हणाली, सर, मला अप्रेंटिसला लागायचंय, हा धडा कधी घेणार? म्हटलं, उद्या. नक्की.

१० जानेवारी, दुपारी
सुरुवात झकास. मग गुणाजी आठवला. माझा जोडीदार. डबा उघडला की सुकट आधी माझ्या पुढ्यात सरकवायचा. विठ्ठलवाडीला पोलावर शॉक लागून गेला, एवढंच सांगितलं. दक्षताने विचारलं, सर, त्यांना लाइन क्लिअर कुणी दिलेलं?
घसा बसलाय म्हणालो. वर्ग लवकर सोडला.

१३ जानेवारी
घशामुळे रजा. घसा तसा बरा आहे.

१५ जानेवारी
धडा विनिता मॅडमना दिलाय. मी मागच्या बाकावर बसलो, कुणाला अनुभव ऐकायचा असेल तर. कुणी मागे बघितलं नाही. लाइन बंद केली तरी कुणाच्या जनरेटरचा करंट उलटा येतो, म्हणून तो जमिनीत उतरवायला आधी अर्थिंगचा रॉड लावायचा, मगच लाइन क्लिअर द्यायचं. मॅडमचं चाळीस मिनिटांत आटोपलं. दक्षता न चुकता म्हणून दाखवत होती. बरं वाटलं आणि रडूही आलं.
त्या दिवशी विठ्ठलवाडीला रॉड गाडीतच राहिलेला. आणायचा मला कंटाळा आला, जेवायची वेळ झालेली. गुणाजीने विचारलं, भाऊ, चढू ना?
मी म्हटलं, चढ.