पट्टा कावून वरडतोय

१६ डिसेंबर, सोमवार

गाडीचा पट्टा आज पुन्हा ओरडला! चावी फिरवली की कुईंऽऽ — अख्ख्या वस्तीला जाग. मिनिटभर बोंबलतो आणि मग जसं काही झालंच नाही. गाडी तापली की दिवसभर गप. आष्टीला दूध उतरवून बजरंग मेस्तरीच्या दारात नेऊन उभी केली, तर तिथं शहाण्या पोरीसारखी वागली. बजरंग म्हणतो, "गहिन्या, गाडी न्हाई बे, तुझं कान तपास."

घरी आलो तर आप्पा बबिताला सांगत होते — मला ऐकू जाईल अशा बेतानं — "जनावर रोज सकाळी वरडतंय. कावून वरडतंय ते मालक इचारीत न्हाई."

टोमणा मला. पण सांगायचं सुनेला! मेंढरं विकून मी दुधाला पिकअप घेतली, ते त्यांनी कसंबसं गिळलं. पण बिऱ्हाड वाहणारी घोडी विकली त्या दिवसापासून बाप माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. गाडीत तर पाऊल ठेवलेलं नाही. दवाखान्यात जायचं असलं तरी फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघतात. मी समोरून गाडी घेऊन गेलो तर तोंड फिरवतात.

१८ डिसेंबर, बुधवार

बजरंगनं इंजिन चालू ठेवून पट्ट्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. लगेच कुईं! "ऐकलं का? वला झाला की घसरतो अन् वरडतो. ढिला हाय." ताणून दिला. अंगठ्यानं दाबून बघितला, आता टणक लागतो.

वर भीती घातली — हा पट्टा तुटला तर इंजिनातलं पाणी फिरायचं थांबतं, गाडी तापून रस्त्यातच बसते. मागं दुधाचे कॅन भरलेले असताना!

१९ डिसेंबर, गुरुवार

ओरडला.

२१ डिसेंबर, शनिवार

बबिताचं डोकं चाललं. "वला झाल्यावर वरडतो ना? मग दव पडतंय की रातीचं!" बायकोचं ऐकायला मला थोडा वेळ लागतो, पण बोलली खरं. संध्याकाळी गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांधली. आप्पा बाजेवर बसून बघत होते. बांधून होईपर्यंत नजर हलवली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

ताडपत्री असून ओरडला! आणि ताडपत्रीचं पुढचं टोक वर सरकवलेलं. कुत्र्याचं काम असणार. बंपरखाली माती ओली दिसली, म्हणून धसका घेतला — रेडिएटर गळतोय की काय! झाकण उघडून बघितलं तर पाणी काठोकाठ. मग ही ओल आली कुठून? डोकं भणाणलंय.

२५ डिसेंबर, बुधवार

शेवटी नवाकोरा पट्टा टाकला. बजरंगनं जुना काढून सगळ्या पुल्या हातानं गरगर फिरवून बघितल्या. बेअरिंग मऊसूत. "आता वरडला तर माझं नाव बदल."

२६ डिसेंबर, गुरुवार

बजरंगला नवं नाव शोधायला हवं.

३० डिसेंबर, सोमवार

काल नांदूरघाटला बबिताच्या भाचीचा साखरपुडा होता. दुधाची फेरी चुलतभावावर टाकून दोघं गेलो, मुक्काम केला. आप्पांना चला म्हणालो. घोंगडी सारखी करून ते बाजेवरच बसले.

आज पहाटे तिथं हाडं गोठवणारी थंडी. काचेवर दव, बॉनेटवर दव, ताडपत्री घरी राहिलेली. मी दात आवळून चावी फिरवली — आणि आवाजच नाही! पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. गप. बबिता म्हणाली, "माझ्या माहेरच्या पाण्याचा गुण." ती चेष्टेत बोलली, पण माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. थंडीचा आणि दवाचा रोग असता तर इथंही ओरडायला हवा होता. म्हणजे रोग गाडीला नाही, आमच्या अंगणाला आहे.

१ जानेवारी, बुधवार

कळलं.

आज लवकर उठून शेळीच्या खोपटाआड उभा राहिलो. थोड्या वेळानं आप्पा बाजेवरून उठले. घोंगडी खांद्यावर टाकली, रांजणातून बादली भरली. गाडीपाशी गेले, ताडपत्रीचं टोक वर केलं आणि पुढच्या जाळीत तांब्यानं पाणी ओतायला लागले. सावकाश. एका हातानं बॉनेट थोपटत होते.

आणि बोलत होते! "घे बाई, घे. लांब जायाचंय. रातभर तशीच हुबी ऱ्हायलीस."

मी लहान असताना घोडीला असंच पाणी दाखवायचे. आमच्यात पाणी पाजल्याशिवाय घोडीवर बिऱ्हाड लादत नाहीत. लादायच्या वेळेला ती खिंकाळली की आप्पा आजोबांवरसुद्धा ओरडायचे — तहानलेल्या जनावरावर ओझं घालता का म्हणून. जुना पट्टा पहिल्यांदा कधीतरी ढिला होऊन कुईंकुईं करायला लागला असणार. त्यांना वाटलं, पाणी मागतेय. म्हणून पाजलं. पाण्यानं जास्त ओरडली. म्हणून जास्त पाजलं!

खोपटाआडून बाहेर यायचं धाडस झालं नाही. आप्पा बाजेवर परत जाऊन पांघरूण ओढून निजेपर्यंत तिथंच थांबलो. मग चावी फिरवली. कुईंऽऽ. आज पहिल्यांदा त्या आवाजाचा राग आला नाही.

२ जानेवारी, गुरुवार

राग आज आला. माझ्याशी बोलायला तोंड दुखतं आणि माझ्या गाडीला बाई-बाई करतात! मी काय पाप केलं होतं? घोडी विकली कारण मेंढरंच राहिली नव्हती. नुसती दावणीला बांधून तिला काय पुजायची होती?

बबिताला सगळं सांगितलं. आधी पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "तुमी घोडी इकली तवा त्यांना इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. गिऱ्हाईक दारात आणूनच सांगितलं.

मी म्हणालो, आता त्यांना कसं सांगू, पाणी घालू नका म्हणून? तर म्हणते, "घालू नका कावून म्हणायचं? कुठं घालायचं ते दावा."

४ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी बॉनेट उघडलं आणि आप्पांच्या बाजेपाशी गेलो. "आप्पा, जरा इकडं या. हिचं तोंड दावतो." वाटलं, तोंड फिरवतील. उठले! काठी टेकत आले. काच धुवायच्या पाण्याची टाकी असते, तिचं झाकण काढलं. "जाळीवर वतलं तर अंगावर पडतं, वरडती ती. पाणी इथनं प्यायाचं."

आप्पांनी वाकून आत बघितलं. जाऊन तांब्या भरून आणला, ओतला. गुडगुड आवाज झाला. कान देऊन ऐकत राहिले. दुसरा तांब्या आणला.

जेवताना बबिताला म्हणाले, "त्याला सांग, तोंड लई बारीक हाय. तान भागत नसंल."

५ जानेवारी, रविवार

पहाटे जाळीवर पाणी नव्हतं. पट्टा ओरडला नाही. झालं, दुखणं गेलं. पण आप्पांनी टाकीचं झाकण उघडून बघितलं, ती भरलेली होती, तांब्या तसाच परत घेऊन गेले. हातातलं काम गेल्यासारखे दिवसभर बसून होते, असं बबिता म्हणाली. मला वाईट वाटलं.

६ जानेवारी, सोमवार

आज दिवसभर काच धूत हिंडलो. धूळ असो नसो. डेअरीवरची माणसं हसली. घरी येईपर्यंत टाकी कोरडीठाक केली.

७ जानेवारी, मंगळवार

पहाटे बाहेर आलो तर बाज रिकामी. घोंगडी नाही, काठी नाही. हाका मारत गाडीपर्यंत पळालो.

आप्पा पुढच्या सीटवर बसले होते. पटका बांधलेला, काठी दोन्ही गुडघ्यांत धरलेली. समोर बघत म्हणाले, "पाणी पाजलंय. हाण आता."