शर्यत पुन्हा पुढे ढकलली

रविवार, संध्याकाळ

चेन्नईची स्पोर्ट्स कारची शर्यत यंदाही पुढे ढकलली. मागच्या वर्षी उशिरा झाली, तेव्हा मोजक्याच गाड्या धावल्या, गॅलरी रिकामी. तरी मी ओरडत होतो. कायले? रिकाम्या गॅलरीत कोणासाठी?

दुपारी लोहाऱ्यात माझ्या दोस्ताच्या, रफीकच्या गॅरेजवर गेलतो. चेन्नईले सोबतच जायचं ठरलं होतं. बातमी सांगितली, तर हात पुसत म्हणाला, "भाई, सोड ते. शंकरपट पाहाले चल. तिथं बैल तरी वेळेवर सुटतात."

गॅरेजातले बाकीचे हसले. मी आयोजकांची बाजू घेऊन भांडलो, स्वतःलेच पटत नसताना.

उद्या ऑफिसात रजा रद्द करायची. साहेबांनी कारण विचारलं, तर नात्यातलं लग्न मोडलं म्हणून सांगीन. शर्यतीचं नाव घ्यायची आता लाज वाटून राह्यली.