लॅटव्हियात नवव्या नंबरवर

१२ जून. सकाळी साडेअकरा, आत्ताच उठलो.
आमचं ‘ऊन लागलं’ लॅटव्हियाच्या चार्टवर नववं! आमचं म्हणजे सोनिकाचं आणि माझं. शब्द तिचे, चाल तिची, गायली ती. मधले चार ‘हो हो’ माझे. गाणं तिथेच तर उठतं. लॅटव्हिया कुठे आहे ते बघायचं.

१३ जून.
बघितलं. लांब आहे. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

१४ जून.
आवाजाला झोपही लागते.

२ जुलै.
पाचवं! तिथल्या रेडिओनं ऑक्टोबरमध्ये लाइव्ह शोला बोलावलंय. पत्रात ‘ड्युओ’ लिहिलंय, म्हणजे माझ्याशिवाय होणारच नाही. सोनिका बोलली, तू फक्त पासपोर्ट काढ, बाकी मी बघते. मी म्हटलं, हो जाएगा यार. ती बोलली, हो जाएगा नाही अभिराम, कर.

१३ जुलै.
फॉर्म काढला. ‘शिक्षण’पाशी अडकलो. बी. कॉम. दुसरं वर्ष तीनदा, हे कसं लिहायचं? विचार करायला मित्राच्या बाइकवर ओरछाला गेलो. चार दिवस विचार केला.

२१ जुलै.
फॉर्म सोनिकानंच भरला. २४ला दहाची अपॉइंटमेंट. आई बोलली, मी येते बरोबर. मी म्हटलं, मी इंटरनॅशनल आर्टिस्ट आहे. आई बोलली, म्हणूनच येते. नाही नेणार.

२४ जुलै.
साडेआठलाच निघालो. वेळ होता, तर हजीऱ्याकडे वळलो. तिथे तानसेनच्या मकबऱ्यापाशी चिंच आहे, तिची पानं खाल्ली की गळा उघडतो. ग्वाल्हेरचे गवय्ये एक-दोन खातात. माझा रियाज दीड महिन्याचा राहिलाय, म्हणून दोन मुठी खाल्ल्या. चौकीदार दौलतसिंह बोलला, भैया, बकरी हो क्या? कलेतलं कळत नाही लोकांना.
दहा वाजता पोट. अकरा वाजता पोट. साडेबाराला घरी.
नवी तारीख घेऊ.

२५ जुलै.
आवाज खाली गेलाय. याला बेस म्हणतात.

३० ऑगस्ट.
गाणं दुसरं! तारीख घ्यायची राहिली. वाटलं, सोनिका ओरडेल. नाही ओरडली. फक्त बोलली, ठीक आहे अभिराम. मोठ्या जोड्यांमध्ये असा विश्वास असतो.

१८ सप्टेंबर.
सोनिकाचा व्हिसा आला. तिच्या आईनं, उषाताईंनी, पेढे दिले. मी विचारलं, मी नाही म्हणून शो पुढे ढकलला का? त्यांनी अजून एक पेढा दिला.

११ ऑक्टोबर.
शो बघितला. आमच्याकडेच, फोनवर. उषाताई, आई आणि मी. निवेदकानं एकच नाव घेतलं. माझी जागा आली तेव्हा सोनिकानं माइक लोकांकडे वळवला. अख्खा हॉल ‘हो हो’ करत होता. सुरात. उषाताई रडल्या. आई स्क्रीनकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.
नंतर सोनिकाचा फोन. मागे खूप गोंगाट. ओरडून विचारलं, अभिराम, बघितलंस ना?
मी म्हटलं, नाही गं, नेट गेलं होतं.