बिडाचा पाट आणि तुमची हातोडी

आबा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज न्यू जर्सीतल्या माझ्या ऑफिसचे गोरे साहेब तुमच्या विद्येवर खूश आहेत. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला काही चैन पडेना.

आमच्या वेस्ट विंडसरपासून तासाभराच्या ड्राइव्हवर एक जुना कालवा आहे. मधे ओढा आडवा येतो, म्हणून कालव्याचं पाणी त्याच्यावरून बिडाच्या पाटातून नेलंय. दीडशे वर्षांपूर्वी ओतलेल्या जाड प्लेटा, बोल्टांनी जोडलेल्या. आता पाट गळतो. मोडून काँक्रीटचा बांधावा आणि एक प्लेट आठवण म्हणून लॉनवर ठेवावी, असं कमिटीचं जवळजवळ ठरलंच होतं. मला ते सहन होईना. भर मीटिंगमध्ये मी बोलून बसले, "मोडण्याआधी एकेक प्लेट वाजवून बघू, तडकलेली असेल ती आवाजावरून कळेल." साहेब हसले आणि म्हणाले, "एक दिवस देतो तुला."

पाणी सोडून पाट रिकामा केला होता. मी ऐटीत उतरले, बाजूच्या प्लेटेवर हातोडी मारली, तर आवाज बद्द. पुढचीही तशीच. दहाव्या प्लेटेपाशी माझं तोंड एवढंसं झालं. माझ्याबरोबरचा नागपूरचा इंजिनिअर वरून म्हणाला, "यार, हे तर सगळंच गेलेलं दिसतंय. कॅन्सल करू." आणि मला एकदम उद्यमनगरातली, तुम्ही कामाला होतात ती फौंड्री दिसते. मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन आलेय. साच्यातून काढलेल्या चाकावर मी हातोडी मारते आणि फुटकं आहे म्हणून जाहीर करते. तुम्ही सगळ्यांदेखत झापता, "आधी वाळू तरी झाड की गं. अंगभर गोधडी पांघरून कोण गाईल?" तेव्हा मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

इथे तर पाटाच्या तळाशी वीतभर ओला गाळ, प्लेटांना आतून चिकटलेला. मी फावडी मागवली. नागपूरकर कुरकुरत का होईना, खाली उतरला. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी गाळ उपसला, पाइपानं प्लेटा धुतल्या, आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काय खणखणीत वाजल्या म्हणून सांगू, आबा. मला रडूच आलं. तीन तेवढ्या बद्द निघाल्या आणि त्या खरोखरच तडकलेल्या होत्या. आता त्या तीन नव्या ओतायच्या, सांधे नीट करायचे आणि पाट आहे तिथेच राखायचा, असं काल कमिटीनं ठरवलं. ऑफिसात पिझ्झा मागवला, नागपूरकरानं माझी हातोडी सगळ्यांना फिरवून दाखवली.

हे पत्र मी कुठे टाकणार नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. पिझ्झा खाताना साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुठं शिकलीस? मी म्हणाले, इंजिनिअरिंग कॉलेजात. माझे वडील फौंड्रीत साचे भरायचे, एवढं इंग्रजी मला येत होतं, आबा.